थांबामावशीचं 'पण'

आमच्या गल्लीत सगळे तिला थांबामावशी म्हणतात. मी तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, तरी मीही मावशीच म्हणतो. शाळेसमोरच्या वळणावर, मुलं रस्ता ओलांडायच्या वेळी, ती हातात 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन उभी राहायची. पाटीला लोखंडी दांडा, अंगात चकाकणारं पिवळं जाकीट, पायात कॅनव्हासचे बूट. अशी नऊ वर्षं. या नऊ वर्षांत तिच्या वळणावर एका मुलाचा गुडघाही फुटला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे कागद येणार आहेत त्यांत हे कुठेच लिहिलेलं नाही.

त्याआधी बावीस वर्षं ती मागाच्या कारखान्यात होती. एका छताखाली साठ-सत्तर माग दिवसभर खडखडत असायचे. त्या खडखडाटानं तिचे कान खाल्ले. उजवा जवळजवळ गेलाच, डाव्यानं ऐकू येतं, पण समोरच्यानं नीट तोंड करून बोललं तर. कारखान्यातल्या बाकीच्या बायकांसारखी ती ओठ वाचायला शिकली. समोर बसून तासभर गप्पा मारल्यात तरी हिला कमी ऐकू येतं असा तुम्हाला संशय येणार नाही. मान फिरवलीत की संपलं. तिची लेक म्हणते, "आईची चुगली करायची तर भिंतीकडे तोंड करायचं, बास." लेक औषधांच्या दुकानात कामाला आहे. घरात दोघीच.

मी कोर्टात कारकून होतो, एकतीस वर्षं. न्यायाधीशांच्या आसनाखाली जे टेबल असतं तिथे बसून दिवसभराचा रोजनामा लिहायचो. म्हणून हे प्रकरण माझ्याकडे आलं, आणि म्हणूनच ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

झालं असं. शाळा भरायच्या वेळी मावशी रस्त्याच्या मधोमध पाटी उंच धरून उभी होती. तिच्या मागून पहिलीतल्या सात-आठ पोरी एकमेकींचे हात धरून चालल्या होत्या. एक राखाडी गाडी आली, थांबल्यासारखं केलं, आणि मग मावशीच्या डावीकडून हळूच पुढे सरकली. गाडीवाल्याचा फोन कानाला होता. शेवटची पोर अजून रस्त्यातच होती. मावशीनं पाटी फिरवली आणि गाडीच्या बॉनेटवर दाणकन हाणली. गाडी थांबली. पोर आणि बंपर यांच्यात वीतभर जागा होती.

गाडीवाला उतरला. बोटभर पोचा पाहिला, आणि पोरीकडे न बघता मावशीच्या अंगावर धावून गेला. त्यानं दांडा पकडला, मावशीनं सोडला नाही. ओढाताणीत त्याची करंगळी दांड्यात पिरगळली. आजूबाजूच्या आया जमल्या तसा तो गाडीत बसून निघून गेला. मावशीला वाटलं, विषय मिटला. संध्याकाळी घरी पोलीस आले.

तक्रारीत दोन गोष्टी होत्या. एक, गाडीचं नुकसान केलं. दोन, लोखंडी हत्यारानं हातावर वार करून जखमी केलं. पाटीचं हत्यार कधी झालं ते तक्रार लिहिणाऱ्यालाच माहीत.

चार महिन्यांनी कोर्टाची तारीख लागली. मी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलाकडे होतो. लेकीनं अर्धा दिवस रजा काढली. कोर्टानं दिलेला फुकटचा वकील व्हरांड्यात भेटला. पोरगेलासा, हातात डझनभर फायली. त्यानं मावशीची फाईल उभ्याउभ्या चाळली.

"मावशी, साधी केस आहे. कबूल म्हणा, दंड भरा, जेवायला घरी."

"आणि कबूल नाही म्हटलं तर?" लेकीनं विचारलं.

"मग फिरा दोन वर्षं. दर तारखेला रजा काढणार का तुम्ही?"

एवढा सल्ला. एखाद्याला चहा साखरेचा की बिनसाखरेचा हे विचारायलाही याहून जास्त वेळ लागतो.

पुकारा झाला. मावशी पिंजऱ्यात उभी राहिली. न्यायाधीश साहेबांनी फाईलमध्ये मान घालून, एका दमात, आरोप वाचला. मावशीला त्यांच्या टकलाशिवाय काही दिसत नव्हतं. ओठ दिसत नव्हते. तिनं डावा कान पुढे केला तेव्हा 'पाटी' आणि 'गाडी' एवढे दोन शब्द पकडता आले. मग साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "कबूल आहे का?" हे तिला स्वच्छ कळलं.

ती म्हणाली, "हो, मारली. पण साहेब, पोरी मध्ये होत्या..."

"बास, बास," टेबलावरचा कारकून म्हणाला. "हो म्हणालात ना? पुढे चला. इथे अंगठा की सही?"

मावशी सही करते. तिनं सही केली. लेकीनं खाली जाऊन दंड भरला. दोघी बाराच्या आत घरी होत्या. वकिलाचं तेवढं खरं ठरलं.

तीन आठवड्यांनी मी परत आलो. त्याच दुपारी मावशी दारात. हातात शाळाखात्याचं पत्र.

"भाऊ, जरा बघा. यात काहीतरी चुकून लिहिलंय. मी माणसाला मारलं म्हणे."

पत्र चार ओळींचं होतं. हत्यारानं इजा करण्याच्या गुन्ह्यात आपण दोषी ठरला आहात, सबब मुलांच्या सुरक्षेशी संबंधित कामावर आपल्याला ठेवता येत नाही, जाकीट आणि पाटी आठ दिवसांत जमा करावी.

"मावशी, तुम्ही कोर्टात काय कबूल केलंत?"

"गाडीवर पाटी मारली ते. मारलीच होती. खोटं कशाला बोलू?"

"आणि हातावर वार?"

"कुणाच्या हातावर?"

मी पत्र माझ्याकडे ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात जाऊन कागदाची नक्कल काढली. जुन्या ओळखीमुळे ती दोन तासांत मिळाली. दुसऱ्या कुणाला दोन आठवडे लागले असते, ही आणखी एक चीड येण्यासारखी गोष्ट, पण ती राहू दे.

नक्कल छापील नमुन्यावर होती. आरोपीचं नाव आणि खटल्याचा नंबर तेवढा हातानं भरलेला. खाली चार प्रश्न. आरोप वाचून दाखवला का? आरोप समजला का? गुन्हा कबूल आहे का? कबुली स्वखुशीनं देत आहात का? आणि चारही प्रश्नांसमोर उत्तर आधीपासून छापलेलं. हो. हो. हो. हो.

म्हणजे मावशी पिंजऱ्यात चढायच्या आधीच तिची उत्तरं छापखान्यातून आली होती. तिचं 'पण' लिहायला त्या कागदावर जागाच नव्हती.

आता जे सांगायचं ते मला सांगावंच लागेल. तो नमुना मीच तयार केला होता. सतरा वर्षांपूर्वी. रोज चाळीस-पन्नास बारीकसारीक खटले, प्रत्येकाला तीच चार वाक्यं लिहून बोटं दुखायची. मी साहेबांना म्हटलं, उत्तरं छापूनच घेऊ या, नव्वद टक्के लोक 'हो'च म्हणतात. साहेब खूश झाले. माझ्या गोपनीय अहवालात 'कल्पक' असा शेरा आला. तो शेरा मी बायकोला वाचून दाखवला होता. ते नव्वद टक्के 'हो' का म्हणतात, हा प्रश्न त्या वेळी मला पडला नाही. बाहेर व्हरांड्यात कुणीतरी त्यांना "जेवायला घरी" असं सांगितलेलं असतं म्हणून म्हणतात, हे मला एकतीस वर्षं रोज दिसत होतं.

संध्याकाळी मी मावशीच्या स्वयंपाकघरात बसलो. तिच्या समोर, उजेडात, माझे ओठ दिसतील असा. लेक शेंगा सोलत होती. मी सांगायला लागलो, आणि सांगताना मलाच लाज वाटत होती, कारण इतकं सोपं होतं ते.

"आरोपीला कबूल म्हणता येतं, किंवा नाकबूल. दोन आरोप असतील तर दोन्हींची उत्तरं वेगळी देता येतात. एक कबूल, एक नाकबूल. गप्प राहिलं तरी चालतं, मग कोर्ट नाकबूल धरून खटला चालवतं. आरोप कळला नाही तर 'पुन्हा वाचा' म्हणता येतं. आणि वकिलामार्फत सरकारी पक्षाशी बोलणी करता येतात, की एवढं कबूल करतो, तेवढं सोडा."

मावशी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"म्हणजे 'हातावर नाही मारलं' असं म्हणता आलं असतं?"

"आलं असतं."

"आणि 'मारली, पण पोरीसाठी मारली' हे?"

"ते नाकबूलच. केलं ते सांगणं निराळं आणि गुन्हा म्हणून कबूल करणं निराळं. घर पेटलं असताना दार फोडलं तर दार फोडल्याचं तुम्ही सांगाल, पण गुन्हा केला असं नाही म्हणणार."

"मग हे मला तेव्हा कुणी का नाही सांगितलं?"

लेकीनं शेंगा सोलायचं थांबवलं. मी पाण्याचा पेला उचलला आणि तो रिकामा होता.

कबुलीवर झालेली शिक्षा उलटवणं म्हणजे वाळूतून तेल काढणं. कोर्ट म्हणतं, तुम्हीच तर हो म्हणालात. पण माझ्या नोकरीच्या काळातली एक वकीलबाई होती, तोंडानं फटकळ, न्यायाधीशांनाही न भिणारी. आम्ही कारकून तिला टाळायचो, कारण ती प्रत्येक कागद वाचायची. मी तिच्याकडे गेलो आणि नमुन्याची गोष्टही सांगितली. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही होय तो दिवटा? बरं. शपथपत्रात लिहून द्याल?"

दिलं.

सरकारी दवाखान्यात मावशीचे कान तपासले. एका बंद खोलीत तिच्या कानांना यंत्र लावलं आणि आवाज ऐकू आला की बोट वर कर म्हणाले. उजव्या कानाच्या वेळी बोट वर गेलंच नाही. तो कागद, नमुना आणि माझं शपथपत्र असं सगळं घेऊन वकीलबाईनं वरच्या कोर्टात अर्ज केला. वरच्या न्यायाधीशांनी सरकारी वकिलाला एकच प्रश्न विचारला.

"बाईंना ऐकू येतं का, हे त्या दिवशी कुणी विचारलं होतं?"

सरकारी वकील फाईलची पानं उलटत राहिला. ज्या फाईलमध्ये ते लिहिलेलंच नाही, तिच्यात तो काय शोधत होता कोण जाणे.

कबुली रद्द झाली. खटला पुन्हा पहिल्यापासून चालवा असा हुकूम निघाला. लोकांना वाटतं, इथे गोष्ट संपते. इथे मावशी फक्त जिथे होती तिथे परत आली. नोकरी गेलेली, वर्ष उलटलेलं, आणि कपाळावर तेच दोन आरोप. पोटासाठी ती एका शिंप्याकडे काज-बटण करायला लागली होती. दिवसाला चाळीस शर्ट.

नव्या तारखेच्या सकाळी सरकारी वकिलानं वकीलबाईला बाजूला घेतलं. दहा मिनिटांनी ती आमच्याकडे आली आणि मावशीसमोर तोंड करून उभी राहिली.

"ते म्हणतात, गाडीच्या नुकसानीचा आरोप कबूल करा. हाताचा आरोप ते काढून घेतात. शिक्षा नाही, फक्त ताकीद. आजच्या आज मोकळं. वाईट नाही हे. मी घ्या म्हणत नाही आणि नको म्हणत नाही. पण तुम्हाला सांगणं माझं काम आहे."

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, शपथपत्र लिहून देणारा मी, काय म्हणालो?

"घ्या, मावशी. हाताचा आरोप गेला तर नोकरीचंही बघता येईल. कशाला पुन्हा फेऱ्या? लेकीच्या रजा किती जाणार?"

मावशी म्हणाली, "भाऊ, त्या पोऱ्या वकिलानं हेच सांगितलं होतं. तुम्ही फक्त हळू बोललात आणि समोर उभं राहून बोललात."

मला कुणी कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

"आई, तू तुला हवं ते कर," लेक म्हणाली. "रजेचं मी बघते."

"मग मला विचारू दे त्या सरकारी वकिलांना, त्या गाडीसमोर त्यांची नात असती तर त्यांनी काय केलं असतं. ताकीद म्हणे. कशाची ताकीद? पुढच्या वेळी पोर चिरडू दे, याची?" तिचा आवाज चढला होता. कमी ऐकणाऱ्यांचा चढतो तसा, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल इतका. एक हवालदार वळून बघायला लागला. वकीलबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो परत भिंतीकडे बघायला लागला.

न्यायाधीश बदलले होते. या वेळी एक तरुण बाई आसनावर होत्या. मावशी पिंजऱ्यात गेली आणि कुणी काही वाचायच्या आत म्हणाली, "बाईसाहेब, मला ओठ दिसले तर कळतं. वर बघून वाचाल का?"

कोर्टात कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी फाईल बाजूला केली, समोर बघत पहिला आरोप सावकाश वाचला आणि विचारलं, "समजला?"

"समजला."

"कबूल की नाकबूल?"

"नाकबूल. पाटी मी मारली. पोर गाडीखाली येत होती म्हणून मारली. पोचा पाडायला नाही मारली."

दुसरा आरोप वाचून झाला. "नाकबूल," मावशी म्हणाली. "दांडा त्यांनी धरला. मी फक्त सोडला नाही. पाटी शाळेची आहे."

टेबलावरचा नवा कारकून छापील कागद हातात घेऊन न्यायाधीशबाईंकडे बघत होता. त्या म्हणाल्या, "तो ठेवा. त्या जे बोलल्या ते त्यांच्या शब्दांत लिहा." त्याला कोरा कागद शोधायला उठावं लागलं. त्याच्या टेबलावर एकही नव्हता.

खटला अकरा महिने चालला. गाडीवाला तीन तारखांना आलाच नाही. चौथ्या तारखेला आला तो घड्याळ बघत. वकीलबाईनं त्याला विचारलं, "करंगळी पिरगळली तेव्हा तुमचा हात कुठे होता?"

"दांड्यावर."

"दांडा तुमच्या हातावर आला, की हात दांड्यावर गेला?"

तो म्हणाला, मी फक्त पाटी बाजूला करत होतो. "का बाजूला करत होतात? त्यावर काय लिहिलं होतं?" त्यानं पुन्हा घड्याळ बघितलं. न्यायाधीशबाईंनी उत्तराची वाट पाहिली, मग स्वतःच कारकुनाला सांगितलं, "साक्षीदार उत्तर देत नाही, असं लिहा." त्या पोरीची आई साक्षीला आली. ती रडली नाही की आवाज चढवला नाही. हाताची वीत करून दाखवली, एवढंच.

मावशी निर्दोष सुटली, दोन्ही आरोपांतून. निकाल नऊ पानांचा आहे. त्यात आरोपीनं दाखवलेल्या प्रसंगावधानाबद्दल दोन ओळी आहेत. लेकीनं त्या पेन्सिलीनं अधोरेखित केल्या आहेत.

ज्या साहेबांनी मान खाली घालून आरोप वाचला ते बढती घेऊन गेले. पोरगेला वकील अजून व्हरांड्यात दिसतो. आताशा त्याच्याकडे दोन डझन फायली असतात. गाडीवाल्याला खोटी तक्रार दिल्याबद्दल कुणी काही विचारलं नाही. पोलिसांनी 'हत्यार' हा शब्द कुठून आणला हेही कुणी विचारलं नाही. आणि जे माझ्यासारखे होते, ज्यांना सगळं दिसत होतं, त्यांना तर पेन्शन मिळते.

निकालाची नक्कल घेऊन मावशी शाळाखात्यात गेली. साहेब बरे होते, बोलायला गोड. म्हणाले, "तुमची जागा आम्ही भरलेलीच नाही. सोमवारपासून या. फक्त या अर्जावर सही करा."

अर्ज तिनं तिथेच उभं राहून वाचला. एकदा वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरुवात केली. कोर्टातून सुटल्यापासून ती कुठलाही कागद दोनदा वाचते. शेवटची ओळ होती, 'मागील काळातील सेवाखंड व वेतनाबाबत, तसेच खात्याच्या कारवाईबाबत, माझी कोणतीही तक्रार नाही.'

"साहेब, ही ओळ कशाला?"

"पद्धत असते, मावशी. सगळे करतात."

मी शेजारी उभा होतो. या वेळी मी तोंड उघडलं नाही. तिनं टेबलावरचं पेन घेतलं, ती ओळ खोडली, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत आपल्या जाड अक्षरात लिहिलं की तक्रार आहे, कशाबद्दल आहे, आणि तिला त्याचं लेखी उत्तर पाहिजे. जागा पुरली नाही तेव्हा कागद उलटा करून मागे लिहिलं. मग सही केली, तारीख घातली आणि आवक-जावकच्या खिडकीवर नेऊन शिक्का मारून घेतला.

याला पाच महिने झाले. साहेब म्हणतात, अर्ज वर पाठवला आहे, उत्तर येईपर्यंत कामावर घेता येत नाही. वर म्हणजे कुठे ते सांगत नाहीत. वळणावर आता कुणीच उभं नसतं. आया आळीपाळीनं येतात आणि ओढण्या हलवून गाड्या थांबवतात. मावशी शर्टांना काजं करते आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी शाळाखात्यात जाऊन विचारते, उत्तर आलं का. मी बरोबर जातो. साहेबांच्या दारात दोन खुर्च्या असतात. बसा असं कुणी म्हणत नाही. आम्ही बसतो.